व्हीएचएस कॅसेट पाहण्यासाठी कोणता टीव्ही? जुना २१ इंची ट्यूबचा की नवा ४३ इंची एलईडी

माझे धाकटे काका १९८९ पासून दहा-अकरा वर्षे कोल्हापुरात लग्नांचे आणि कुस्तीच्या मैदानांचे व्हिडिओ शूटिंग करीत असत. त्यांच्या ६२ व्हीएचएस कॅसेटी यंदा उन्हाळ्यात मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरून खाली काढल्या. त्या चालवायला व्हीसीआर एकच होता. पडदे मात्र दोन होते. एक सोप्यात ठेवलेला, १९९९ च्या गणपतीत घेतलेला २१ इंची पिक्चर ट्यूबचा सेट, आणि दुसरा दोन वर्षांपूर्वी घेतलेला ४३ इंची फोर-के एलईडी. महिनाभर त्याच कॅसेटी, त्याच व्हीसीआरवरून, दोन्ही पडद्यांवर आलटून पालटून पाहिल्या. दोन्ही सेटच्या कंपन्यांची नावे येथे देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते त्या त्या जातीच्या बहुतेक सेटना लागू पडते.

निष्कर्ष आधीच सांगते. कॅसेटमधील हालचाल, चेहरे आणि एकूण चित्राचा सलगपणा जुन्या ट्यूबवर निःसंशय चांगला दिसतो. नवा टीव्ही दुकानातून आला त्याच सेटिंगवर ठेवला तर कॅसेट बघवत नाही. पण सेटिंग नीट लावली की तो बराच सुधारतो, आणि रंगाच्या बाबतीत तर माझ्या घरी त्याने जुन्या सेटला मागे टाकले. हे मला अपेक्षित नव्हते, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

सुरुवात कुस्तीच्या कॅसेटपासून करते, कारण दोन्ही पडद्यांतला फरक तिथे सर्वांत स्पष्ट दिसला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेल्या खासबाग मैदानातले हे शूटिंग आहे. मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा, भोवती वर चढत गेलेल्या प्रेक्षकांच्या बैठका, आणि काकांचा कॅमेरा बहुधा पाचव्या-सहाव्या ओळीतून. दोन मल्ल बराच वेळ एकमेकांच्या मानेवर हात टाकून अंदाज घेत राहतात आणि मग निमिषार्धात धोबीपछाड बसते. ट्यूबवर हा डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतो: कंबरेतून वळणे, हात खांद्यावरून ओढणे, प्रतिस्पर्ध्याचे पाय हवेत जाणे, पाठ मातीला लागणे. नव्या टीव्हीवर त्याच क्षणी मल्लांच्या कडांना कंगव्याचे दात फुटल्यासारख्या आडव्या रेषा उमटल्या आणि डाव एका धूसर ठिपक्यात विरघळून गेला. घरातील सगळ्यांनी कॅसेट मागे घेऊन तीन वेळा पाहिली, पण डाव नेमका कसा बसला हे एलईडीवर कोणालाही सांगता आले नाही.

याचे कारण सिग्नलच्या रचनेत आहे. आपल्याकडे दूरदर्शनने १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू केले ते पाल पद्धतीने, आणि आपले व्हीसीआर व कॅमेरेही त्याच पद्धतीचे होते. या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ रेषा असतात, त्यांपैकी सुमारे ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असते. पण या रेषा एकदम येत नाहीत. आधी एकाआड एक अशा निम्म्या रेषा येतात, मग राहिलेल्या निम्म्या. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात आणि सेकंदाला ५० फील्ड येतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की कॅमेऱ्याने दुसरे फील्ड पहिल्यानंतर एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने टिपलेले असते, म्हणजे तेवढ्यात मल्ल थोडा पुढे सरकलेला असतो. ट्यूबच्या टीव्हीला याची काहीच अडचण होत नाही. त्यातील इलेक्ट्रॉनचा झोत फील्ड ज्या क्रमाने येते त्याच क्रमाने ते पडद्यावर रेखाटतो, पडद्याच्या आतून लावलेल्या फॉस्फर या चमकणाऱ्या लेपाचा उजेड क्षणात विझतो आणि पुढचे फील्ड त्याच्या वेळेवर उमटते. डोळ्याला सेकंदाला ५० वेळा ताजी हालचाल मिळते. एलईडीच्या पडद्याला मात्र सगळे बिंदू एकाच वेळी उजळावे लागतात, म्हणून तो दोन फील्ड जोडून एक पूर्ण चित्र तयार करतो. स्थिर दृश्यात ही जोडणी बिनचूक बसते. हलत्या दृश्यात दोन वेगवेगळ्या क्षणांच्या रेषा एकमेकींत अडकतात आणि कंगवा दिसतो. महागड्या टीव्हीतील प्रोसेसर हालचाल ओळखून ही जोडणी बऱ्यापैकी सांभाळतात. स्वस्त सेटमध्ये काही वेळा एक फील्ड सरळ टाकूनच दिले जाते. मग कंगवा जातो, पण उभ्या दिशेचा निम्मा तपशील आणि निम्मी हालचालही जाते. कुस्ती, क्रिकेट, लेझीम, लग्नातील वरात अशा कॅसेटी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी टीव्ही निवडताना पहिल्यांदा हीच गोष्ट पाहावी.

आता चित्राच्या आकाराकडे येते. सगळ्यांना वाटते की मोठ्या पडद्यावर कॅसेट जास्त चांगली दिसेल. प्रत्यक्षात व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकाच तपशील मावतो. रुंदी-उंचीच्या चार-तीन प्रमाणाच्या पूर्ण रुंदीत तो साधारण ३२० बिंदूंइतका होतो, आणि उभ्या ५७६ रेषा धरल्या तर संपूर्ण चित्रात १,८४,३२० तपशील, तेही सर्व काही उत्तम असेल तर. फोर-के पडद्यावर तेच चार-तीनचे चित्र २,८८० गुणिले २,१६० बिंदूंत पसरते. म्हणजे कॅसेटमधील एका तपशिलासाठी पडद्यावर जवळजवळ ३४ बिंदू भरायचे असतात, आणि त्यांतील ३३ बिंदू टीव्ही अंदाजाने भरतो. शिवाय ४३ इंची टीव्हीवर चार-तीनचे चित्र कर्णाने ३५ इंचांचे होते. जुन्या २१ इंचांच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ पावणेतीन पटींहून थोडे अधिक भरते. आमच्या सोप्यात बसायची जागा पडद्यापासून सात फुटांवर आहे. तेवढ्या अंतरावरून जुन्या सेटवर जी कमतरता डोळ्याला जाणवतही नाही, तीच नव्या सेटवर ठसठशीत दिसते. चित्र वाईट झालेले नसते, ते जवळ आलेले असते. मी नवा टीव्ही तेरा-चौदा फुटांवरून, मधल्या घराच्या उंबऱ्यापाशी बसून पाहिला, तेव्हा तक्रारीचा मोठा भाग कमी झाला.

त्यातही नव्या टीव्हीने पहिल्या दिवशी ते चित्र पडद्याच्या दोन्ही कडांपर्यंत ताणून दाखवले. चार-तीनचे चित्र सोळा-नऊमध्ये ताणले की प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. आजोबांचा उभट, निमुळता चेहरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो फुगलेला पाहताना वाईट वाटले, मलाही वाटले. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात म्हणून अनेक जण ताणलेले चित्रच पसंत करतात. मला ते अजिबात मान्य नाही. ज्यांचे चेहरे आता फक्त या कॅसेटींमध्येच उरले आहेत, त्यांच्या चेहऱ्याची ठेवण जशीच्या तशी राहिली पाहिजे.

रंगांची परीक्षा मी १९९३ मधील आत्याच्या लग्नाच्या कॅसेटवर केली, आणि त्यासाठी एक सोय अशी होती की लग्नातील डाळिंबी शालू आजही तिच्या ट्रंकेत जसाच्या तसा आहे. आत्याला बोलावून घेतले, शालू टीव्हीशेजारी खुर्चीवर पसरला, दिवसाचा उजेड येऊ दिला आणि सप्तपदीचे दृश्य लावले. नव्या टीव्हीवर, मूळच्या 'व्हिव्हिड' मोडमध्ये, शालू केशरी लाल झाला आणि त्याचा रंग काठाबाहेर सांडून नवरदेवाच्या उपरण्यावर पसरला. आत्या लगेच म्हणाली, "हा माझा शालू नव्हेच की गं." ट्यूबवर रंग पुष्कळच सौम्य होता, सांडणेही कमी जाणवत होते, पण शालू डाळिंबी न दिसता विटकरीकडे झुकलेला दिसत होता. माझ्या सेटची ट्यूब २५ वर्षांत थोडी वीक झाली आहे, हे त्याचे कारण. मग मी नवा टीव्ही 'सिनेमा' मोडवर आणला, रंगाची उष्णता 'वॉर्म'वर ठेवली, रंगाचे प्रमाण कमी केले, आणि काय आश्चर्य, शालू खुर्चीवरच्या शालूच्या अगदी जवळ आला. आत्या बराच वेळ आळीपाळीने दोन्हींकडे पाहत राहिली आणि मग तिने नव्या टीव्हीकडे बोट दाखवले. लग्नात कॅमेऱ्यामागे हॅलोजन धरून एक मुलगा उभा असे, त्या पिवळसर उजेडाचा परिणाम मूळ चित्रीकरणातच आहे, त्यामुळे शंभर टक्के जुळणी कोणत्याच पडद्यावर होणार नाही. तरीही या फेरीत नव्या टीव्हीला झुकते माप द्यावेच लागते.

रंग काठाबाहेर सांडतो हा मात्र कोणत्याच टीव्हीचा दोष नाही. अर्ध्या इंची फितीवर रंगाचा सिग्नल जागेअभावी खालच्या कंप्रतेवर आणून अतिशय कमी तपशिलात नोंदवलेला असतो. उजेड-सावलीच्या मानाने रंगाला आडव्या दिशेने साधारण सहावा हिस्साच मिळतो. गडद लाल रंगात हे सर्वांत आधी उघडे पडते. लाल लंगोट, तांबडी माती, कुंकवाचा मळवट, शालू: कोल्हापूरच्या कॅसेटींमध्ये नेमका तोच रंग भरलेला आहे. जुन्या ट्यूबवर झोताच्या मऊ कडांमुळे आणि लहान आकारामुळे हे सांडणे चित्रात मुरून जाते. नव्या टीव्हीवर शार्पनेस वाढवला तर काळ्या-पांढऱ्या कडा धारदार होतात, रंग मात्र तसाच पसरलेला राहतो, आणि दोहोंतील फट अधिकच खटकते.

म्हणून नव्या टीव्हीवर कॅसेट पाहणाऱ्यांना माझे पहिले सांगणे शार्पनेस खाली आणण्याचे आहे. माझ्या सेटवर तो शून्यावर आणला तेव्हा काकूंच्या चेहऱ्याभोवतीची पांढरी रेघ गेली. दुसरे, 'नॉइज रिडक्शन' बंद करावे. कॅसेटमध्ये थोड्या मुंग्या असणारच. त्या पुसण्याच्या प्रयत्नात टीव्ही कातडीचा पोत, साडीचे विणकाम आणि मातीचे कणही पुसून टाकतो, आणि माणसे मेणाची केल्यासारखी दिसतात. हालचाल गुळगुळीत करण्याची जी सोय असते तीही बंद ठेवावी, कारण आधीच अंदाजाने जोडलेल्या चित्रात ती आणखी अंदाजाची चित्रे घालते. बॅकलाइट निम्म्याच्या आसपास पुरतो. हे सर्व बदल फक्त एव्ही इनपुटपुरते साठवता येतात का, ते पाहावे. माझ्या टीव्हीत येतात, त्यामुळे बाकीच्या कार्यक्रमांवर परिणाम होत नाही. या दहा मिनिटांच्या कामाने जेवढा फरक पडला तेवढा कोणत्याही महागड्या वायरने पडला नसता.

चित्राच्या अगदी तळाशी एक थरथरणारी पट्टी दिसते, तिच्याविषयी अनेकांना शंका असते. व्हीसीआरमधील फिरत्या ड्रमवर दोन हेड असतात; पाल पद्धतीत तो मिनिटाला १,५०० फेरे घेतो आणि प्रत्येक हेड एकेक फील्ड वाचते. एका हेडकडून दुसऱ्याकडे जाताना जो धक्का बसतो, तो या पट्टीच्या रूपाने उमटतो. ती प्रत्येक व्हीएचएस कॅसेटमध्ये असते. जुन्या टीव्हीत चित्र चौकटीच्या थोडे बाहेर जाईल असेच रेखाटले जात असे, त्यामुळे ती कधी दिसली नाही. नव्या टीव्हीत ओव्हरस्कॅन, म्हणजे तसेच चित्र चौकटीबाहेर नेण्याची सोय, सुरू केले की ती झाकली जाते.

जोडणीबद्दल थोडक्यात. अँटेनाच्या वायरने जोडण्यापेक्षा पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांची एव्ही वायर दोन्ही टीव्हींवर चांगले चित्र देते, कारण त्यात सिग्नल चॅनेलवर चढवून पुन्हा उतरवावा लागत नाही. नव्या टीव्हीवर तीन वेगळी छिद्रे नाहीत, एकच लहान गोल छिद्र आहे आणि त्याला खास वायर लागते. बाजारातील दिसायला तशीच पण पिनांचा क्रम वेगळा असलेली वायर लावली तर चित्र गायब होते आणि स्पीकरमधून नुसती घरघर येते. माझी पहिली वायर तशीच निघाली. एव्हीचे एचडीएमआय करणारी छोटी डबीही घेऊन पाहिली. तिने चित्र स्वतःच ताणून पाठवले, त्यामुळे टीव्हीवरील चार-तीनची सोय निरुपयोगी ठरली आणि कंगव्याचे दात दुपटीने वाढले. टीव्हीवर एव्ही छिद्र असेल तर ही डबी घेऊ नये.

नव्या टीव्हीविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार वेगळीच आहे. काही कॅसेटींची फीत ताणली गेली आहे, काहींना कोल्हापूरच्या पावसाळ्यातील ओल लागून पांढरी बुरशी आली होती, ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी लागली. अशा फितीवर प्रत्येक रेष आपल्या ठरलेल्या वेळेच्या किंचित मागेपुढे सुरू होते. ट्यूबचा टीव्ही या डगमगीला आपल्यापरीने सामावून घेतो. चित्राचा वरचा भाग थोडा वाकतो, पण चित्र चालू राहते. नवा टीव्ही मात्र ताळमेळ चुकला की निळा पडदा आणि 'नो सिग्नल' दाखवतो, आणि पुन्हा चित्र येईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. एका कॅसेटमध्ये आजोबा दारात उभे राहून पाहुण्यांना हात जोडतात, एवढेच त्यांचे दृश्य आहे. एलईडीवर ते एकदाही पूर्ण दिसले नाही. ट्यूबवर आजोबांच्या डोक्यावरचा फेटा थोडा तिरका झाला, पण आजोबा दिसले. पुढे एका परिचिताचा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडला. त्याच्या आतील सर्किट रेषांची वेळ सावरून सिग्नल पुढे पाठवते. त्यानंतर नव्या टीव्हीवरही ते दृश्य सलग आले. प्रत्येक डीव्हीडी रेकॉर्डर हे काम करीत नाही, म्हणून घेण्यापूर्वी एखादी खराब कॅसेट लावून पाहणे आवश्यक आहे.

जुन्या सेटचे गुणगान करताना त्याचा त्रासही सांगितला पाहिजे. तो उचलायला दोन माणसे लागतात. चौकटीच्या कोपऱ्यांत सरळ रेषा वाकतात. लग्नमंडपाचा खांब डाव्या कडेला धनुष्यासारखा दिसतो. मध्येच चित्र आडवे आकसायचे, म्हणून लक्ष्मीपुरीतील एका वयस्क मेकॅनिककडे नेला. त्यांनी एलओटीजवळचे, म्हणजे ट्यूबला उच्च दाब पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरजवळचे, ड्राय सोल्डर (सुटलेला डाग) शोधून वीस मिनिटांत दुरुस्त केले आणि ३५० रुपये घेतले, मात्र एलओटीच गेला तर जोडीचा मिळण्याची खात्री देत नाही, असे स्पष्ट सांगितले. ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि सेट बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो, त्यामुळे मागचे झाकण घरी उघडू नये. सेट चालू असताना एक अतिशय बारीक शिट्टी येते, ती सेकंदाला १५,६२५ रेषा काढणाऱ्या सर्किटची. माझ्या बारा वर्षांच्या मुलीला ती ऐकू येते आणि नकोशी होते. मला आणि आत्याला ऐकू येत नाही.

ज्यांच्याकडे ट्यूबचा सेट उरलेला नाही, त्यांनी कॅसेटींसाठी मुद्दाम जुना सेट घ्यावा का? दहा-बाराच कॅसेटी असतील तर घेऊ नये. नव्या टीव्हीवर वरील बदल करावेत आणि थोडे लांब बसावे. कॅसेटी पुष्कळ असतील आणि त्यांत हालचालीचे चित्रीकरण जास्त असेल, तर २१ इंची सेट भंगाराच्या भावात मिळत असताना सोडू नये. घेताना तो थंड असतानाच सुरू करून पाहावा: चित्र उजळायला एका मिनिटाहून अधिक लागले किंवा पांढऱ्या रंगात लाल-हिरवी झाक राहिली तर ट्यूब वीक आहे असे समजावे. पुढच्या किंवा मागच्या बाजूला एव्ही 'इन' आहे, नुसते 'आउट' नाही, याची खात्री करावी. एका कोपऱ्यात रंगाचा डाग दिसला तर घाबरू नये. जवळ ठेवलेल्या स्पीकरच्या चुंबकाचा तो परिणाम असतो आणि बहुधा स्पीकर हलवून सेट काही वेळा बंद-चालू केला की जातो.

व्हीसीआरची काळजी या दोन्ही पडद्यांहून महत्त्वाची आहे, कारण शेवटचे व्हीसीआर बनवणाऱ्या जपानमधील फुनाई कंपनीनेही २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. पूर्वी नोट घासून हेड साफ करीत, तसे करू नये. हेड बारीक असते आणि तुटते. आमच्या व्हीसीआरचा पिंच रोलर, म्हणजे फीत पुढे ओढणारे रबरी चाक, गुळगुळीत झाला होता. उद्यमनगरातील एका लेथवाल्याने जुने रबर काढून नवे चढवले आणि मापात उतरवून दिले. त्यानंतर आवाजातील लाट गेली आणि दोन्ही टीव्हींवरचे चित्र अधिक स्थिर झाले.

सध्या आमच्या घरी व्यवस्था अशी आहे. डीव्हीडी रेकॉर्डरमधून जाणारा सिग्नल संगणकावर नोंदवला जातो, फील्ड न जोडता, सेकंदाला ५० फील्ड जसेच्या तसे ठेवून, म्हणजे पुढे चांगला प्रोसेसर मिळाला तर त्याच नोंदीतून अधिक चांगले चित्र काढता येईल. नोंद चालू असताना कॅसेट पाहिली जाते ती सोप्यातील ट्यूबवर. आजवर २३ कॅसेटी झाल्या आहेत. खासबागेच्या उरलेल्या नऊ कॅसेटी पुढच्या रविवारपासून लावणार आहोत, आणि त्या पाहायला काकांचे तेव्हाचे हॅलोजन धरणारे सहकारीही येणार आहेत.